पाडव्याची म्हैस आणि माझी झडप

हृदयाच्या डॉक्टर मॅडमनी पहिल्याच भेटीत मला विचारलं, "काही खेळतेस का?" मी खरं तेच सांगितलं, "म्हशीपुढं पळते."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. त्या धारवाडकडच्या. मराठी चांगलं बोलायच्या, पण हे उत्तर त्यांना कुठं लिहावं ते कळेना. "म्हणजे म्हैस पाठीमागं लागते?" "लागत नाही, मी लावून घेते," मी म्हणाले. मग माझे वडील, आप्पा, पुढं सरसावले आणि कन्नडात पाडव्याची सगळी हकीकत सांगू लागले, हातवारे करून, शिंगं कशी रंगवतो ते स्वतःच्या डोक्यावर दाखवून. बाहेर माणसं खोळंबली होती. आई मला कोपरानं ढोसत होती, आप्पांना जशी काही मीच चावी दिली होती.

ती हकीकत इथंही सांगायला हवी, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. आम्ही बेळगावातल्या गवळ्यांच्या गल्लीतले. घरं पक्की झाली, दारात मोटारसायकली आल्या, पोरं कंपन्यांत नोकरीला लागली, तरी घरामागं गोठा आहेच. दिवाळीच्या पाडव्याला दुपारी आमच्याकडं म्हशी पळवतात. सकाळपासून म्हशीला घासूनपुसून तेल चोळून चकाकवायचं, शिंगं रंगवायची, कपाळावर मोरपिसांचा तुरा, गळ्यात कवड्यांची माळ, पायांत चाळ. मग मालक पुढं आणि म्हैस मागं, अशी दोघांनी गल्लीभर पळत सुटायचं. दावं धरायचं नाही, काठी उगारायची नाही. म्हैस नुसत्या हाकेवर आणि ओळखीवर आली पाहिजे. ती किती जीव टाकून पळते त्यावर त्या घराची वर्षभराची ऐट अवलंबून. हल्ली बरेचजण मोटारसायकलवर बसून, सायलेन्सर काढून, कानठळ्या बसवत म्हशी पळवतात. आप्पांना ते बिलकूल पसंत नाही. "म्हैस माणसामागं पळती, पेट्रोलमागं न्हवं," असं ते म्हणतात.

आमच्या म्हशीला नाव आहे, पण ते लिहीत नाही. तेच माझ्या थोरल्या आत्याचंही नाव आहे, आणि ठेवताना आप्पांनी अजिबात विचार केला नव्हता. ती रेडकू असताना तिची आई दगावली. मी तेव्हा शाळेत होते. बाटलीनं दूध पाजून मी तिला वाढवलं आणि ती माझी झाली. आप्पा धार काढायला बसले की उभी राहायची, दादानं वैरण टाकली की खायची, पण हाक फक्त माझी ऐकायची. त्यामुळं पाडव्याला पुढं पळायचा मान, जो गल्लीत आजवर बाप्यांचाच होता, तो माझ्याकडं आला. पहिल्या वर्षी काही म्हाताऱ्यांनी नाकं मुरडली. म्हैस माझ्यामागं अशी सुटली की दुसऱ्या वर्षी तेच म्हातारे दुपारपासून कट्ट्यावर जागा धरून बसले.

फक्त एक होतं. गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत माझा जीव नुसता कंठाशी यायचा. छातीवर कुणी पाटा ठेवलाय असं वाटायचं. मी समजायचे, म्हैसच फार जोरात पळते. शाळेत पीटीच्या तासाला मी सगळ्यांच्या मागं असायचे, तर तिथं समजायचे, बाकीच्या पोरीच उगाच जोरात पळतात. आपल्यात काही कमी असेल हे डोक्यात आलंच नाही. माझं स्वतःबद्दल पहिल्यापासून फार बरं मत आहे.

पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाला, म्हणजे बारावीला होते. दसरा झाला होता आणि पाडव्याची तयारी म्हणून मी म्हशीला माळावर पळवत होते. मधेच डोळ्यांपुढं अंधारी आली आणि पुढचं काही आठवत नाही. शुद्धीवर आले तेव्हा म्हैस माझं तोंड चाटत होती आणि दादा ओरडत होता, "नाटकं बास कर गं, ऊठ!" मग त्यानं माझा चेहरा नीट पाहिला आणि त्याचाच चेहरा पांढरा पडला. आईनं घरी निकाल लगेच दिला: नवरात्राचे उपवास बाधले. तिनं मला तुपातला शिरा भरवला आणि टॉनिक आणायला गल्लीतल्या डॉक्टरांकडं नेलं. डॉक्टरांनी छातीला नळी लावली ती काढेचनात. पुढून ऐकलं, मानेपाशी ऐकलं, पुन्हा पुढून ऐकलं. टॉनिक राहिलं बाजूला, त्यांनी मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी हातात ठेवली.

तिथं एको झाला, म्हणजे यंत्रानं हृदयाचं चित्र काढलं, आणि या मॅडम भेटल्या. त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. हृदयातून साऱ्या अंगाला रक्त जातं, त्या तोंडावर एक झडप असते. तिला तीन पाकळ्या असतात. माझ्या झडपेला दोनच, आणि त्याही जन्मापासून कडेला एकमेकींना चिकटलेल्या. म्हणून तोंड अरुंद. तेवढ्याशा फटीतून रक्त ढकलून ढकलून हृदयाचा स्नायू जाड झालेला. "तुझं हृदय पैलवान झालं आहे," मॅडम म्हणाल्या, "पण हे काही मी कौतुकानं सांगत नाही." चक्कर येऊन पडण्यापर्यंत गोष्ट गेली म्हणजे आता थांबायचं नाही. मांडीच्या सांध्यातल्या रक्तवाहिनीतून एक बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची. तिच्या टोकाला फुगा. तो झडपेत नेऊन काही क्षण फुगवायचा, चिकटलेल्या पाकळ्या सुटल्या की फुगा रिकामा करून नळीसकट बाहेर. छाती उघडायला लागत नाही.

आईनं माझं मनगट इतकं आवळलं होतं की हाताला मुंग्या आल्या. आणि आप्पांचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजे मॅडम, म्हशीचा सड बारीक आसला, धार नीट पडंना, की जनावरांचा डॉक्टर आत सळी घालून सड मोकळा करतोय, तसंच की ओ हे!"

आईनं पदर तोंडावर घेतला. मला हसू आवरेना. मॅडम क्षणभर गंभीर राहिल्या, मग त्याही हसल्या. "अगदी तसंच," त्या म्हणाल्या, "फक्त आमची म्हैस खदाखदा हसते आहे." त्या दिवसापासून आमच्या घरात मॅडमचा शब्द म्हणजे शेवटचा शब्द झाला.

मला विचारायचं होतं ते मी विचारलं. पाडव्याला पळू का? नाही. आणि फुगा घातल्यावर? "ते नंतर बघू," मॅडम म्हणाल्या. "झडप बहुतेक वेळा चांगली उघडते. कधी थोडी गळायला लागते. कधी पुढं काही वर्षांनी पुन्हा करावं लागतं, कधी ऑपरेशन लागतं. तू बरी व्हावीस म्हणून सगळं करीन. पळशीलच, असं वचन आज देत नाही." मी परतताना रिक्षात रडले. मरणाची भीती मला वाटली नाही, त्या वयात ती वाटत नाही. आपल्याला आता जन्मभर खुर्चीत बसून दुसऱ्यांचं पळणं बघावं लागेल, ही भीती वाटली, आणि ती फार मोठी होती.

तारीख दिवाळीची सुट्टी संपतासंपता मिळाली. तोवर पळणं बंद, बादली उचलणं बंद, जिना चढायचा तर गोगलगाईच्या चालीनं. आणि मध्ये पाडवा. त्या दिवशी म्हैस गोठ्यात बांधून ठेवायची म्हणजे गल्लीत तोंड लपवत फिरायचं. आप्पा, दादा आणि शेजारपाजारचे जाणते गोठ्यात बसले आणि खल झाला. त्यातून जी युक्ती निघाली ती गवळ्यांच्याच डोक्यातून निघू शकते. म्हैस माणूस वासावर ओळखते. तेव्हा मी गोठ्यात घालते ते कपडे न धुता तसेच दादानं घालायचे आणि पुढं पळायचं. हाक मी दारातून मारायची. म्हशीला काय कळतंय!

दादा तेव्हा व्यायामशाळेत जायचा. त्याला मिशा होत्या आणि मिशांना पीळ होता. माझा पंजाबी ड्रेस त्याच्या दंडावर अडकला आणि पाठीवर टरकन उसवला. मग ओढणी गळ्यात घ्यायची की डोक्यावरून, यावर वाद झाला आणि शेवटी डोक्यावरून ठरलं. "हसलीस तर बघ," त्यानं मला दम भरला. आईनं मला दारात खुर्चीत बसवलं आणि मी उठू नये म्हणून मागून खुर्चीची पाठ धरून उभी राहिली.

हलगी कडाडली. मी हाक दिली. दादा पळाला. म्हैस थोडी पुढं गेली आणि थबकली. दादा मागं वळला, ओढणी हलवली आणि माझ्यासारखा बारीक आवाज काढून म्हणाला, "ये गं, ये माझी बाय." म्हशीनं मान लांब केली, ओढणी हुंगली, तिचं टोक तोंडात घेतलं आणि निवांत चघळायला लागली. ओढणीबरोबर दादाही तिच्याकडं ओढला गेला. कट्ट्यावरचे म्हातारे पोट धरून खाली वाकले. मग तिनं ओढणी टाकली, तोंड फिरवलं, आणि हलगीवाल्यांमधून, गर्दीमधून वाट काढत सरळ आमच्या दाराशी येऊन माझ्या मांडीवर हनुवटी टेकवली. शिंगांचा ओला रंग आईच्या नव्या साडीला लागला. मी हसत होते, सगळी गल्ली हसत होती, आणि हसता हसता मी कधी रडायला लागले ते माझं मलाच कळलं नाही.

आप्पा आले. त्यांनी म्हशीच्या पाठीवर हात ठेवला. "ऱ्हाऊ दे. ह्या वर्साला बसली, फुडच्या वर्साला पळंल," ते म्हणाले. बघत म्हशीकडं होते, पण बोलत कुणाबद्दल होते ते आम्हा सगळ्यांना कळलं. दादा उसवलेल्या ड्रेसमध्ये तसाच उभा होता. त्यानं ओढणीनं डोळे पुसले आणि ती म्हशीच्या लाळेनं भिजलेली आहे हे त्याला नंतर कळलं.

गवळी कुणाकडं रिकाम्या हातानं जात नाही, इस्पितळातसुद्धा नाही. फुग्याच्या दिवशी आप्पा धार काढून दुधाची किटली घेऊनच आले. दारावरच्या माणसानं अडवलं. "पेशंटला काही द्यायचं नाही, उपाशी ठेवायचंय." आप्पा म्हणाले, "पेशंटला न्हवं ओ, तुमास्नी आणलंय." त्या दिवशी त्या मजल्यावरच्या सिस्टर, वॉर्डबॉय, शेजारच्या खाटांवरच्यांची माणसं, सगळे आमच्या दुधाचा चहा प्याले. कँटीनवाल्यानं म्हणे चहात पाणी घालायचं विसरून आधी साय काढून खाल्ली.

आतली खोली थंडगार होती. जांबोटीकडची एक सिस्टर होती. "थंडीनं कापतीस का भ्यानं?" तिनं विचारलं. "दोन्हीनं," मी म्हणाले. तिनं आणखी एक पांघरूण घातलं आणि माझ्या केसांवरची टोपी नीट केली. मॅडमनी सांगितलं की फुगा फुगवताना तो रक्ताच्या धारेत घसरू नये म्हणून काही क्षण हृदय यंत्रानं फार भराभर धडधडवतात, पण मला ते कळणार नाही. "तुझी म्हैस पाठीमागं आहे असं समज," त्या म्हणाल्या. त्यांनी ते लक्षात ठेवलं होतं याचं मला इतकं बरं वाटलं की त्याच आनंदात औषधाची झोप लागली.

बाहेरचं मला दादानं सांगितलं. आई डोळे मिटून देवाला आळवत बसली होती. आप्पा खिडकीशी उभे होते. मॅडम बाहेर आल्या आणि मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही मिसळून म्हणाल्या की झडप छान उघडली, हृदयावरचा दाब खूप उतरला, गळती अगदी किरकोळ आहे. आप्पांनी एवढंच विचारलं, "धार कशी पडती?" "झकास," मॅडम म्हणाल्या. मग आप्पा भिंतीला पाठ लावून खाली बसले आणि मोठ्यानं रडले. आप्पा हे अजून कबूल करत नाहीत.

मी जागी झाले तेव्हा पाय सरळ ठेवायचा, वाकवायचा नाही असं फर्मान होतं. आई पायथ्याशी बसून माझ्या पायावर दोन्ही हात ठेवून राखण करत होती. सिस्टरनं तिला जेवून यायला सांगितलं, तर म्हणाली, "मी गेली की ही पाय हालवती. वळखती मी हिला." खरं होतं ते.

लवकरच घरी सोडलं, आणि गल्लीत बातमी पसरली की माझ्या छातीत फुगा आहे. तो काढून घेतला, आत नाही, हे सांगून सांगून माझं तोंड दुखलं. समोरच्या घरातली आज्जी तर महिनाभर मला शिंक आली की कानावर हात ठेवायची. "जपून गं बाय, फुटंल की!" दात नीट घासायचे, हिरड्या सांभाळायच्या, नाहीतर तिथले जंतू रक्तातून झडपेवर जाऊन बसतात, असं मॅडमनी बजावलं होतं. ते आईनं इतकं मनावर घेतलं की ब्रश तोंडात गेला की ती मोरीच्या दारात हजर. मॅडमनी चालायला सांगितलं, तर आई बरोबर चालायची. जिना चढायला परवानगी मिळाली, तर ती खालून बघत उभी राहायची, मी पडले तर झेलायला. मी चिडायचे. "आई, मॅडमनी सांगितलंय मी बरी हाय म्हणून!" ती म्हणायची, "मॅडमनी तुला माळावरनं आणलेली बघितली न्हवती." मला राग यायचा, कारण छाती हलकी झाली होती आणि ती हलकी छाती घेऊन मी करायचं काय, तर हळू चालायचं!

पुढच्या दसऱ्याला पुन्हा तपासणी. एको झाला. मग ट्रेडमिलवर पळवलं. छातीला तारा चिकटवलेल्या, पट्टा खाली सरकतोय, मॅडम पडद्याकडं बघतायत, आणि आई काचेपलीकडून माझ्याकडं. पट्ट्याचा वेग वाढवत नेला. मी पळत राहिले. शेवटी मॅडम म्हणाल्या, "पुरे, पुरे." त्यांनी कागद चाळले आणि आप्पांना नाही, आईला बोलावून समोर बसवलं. झडप अजून जराशी अरुंद आहे, थोडी गळते, पण हृदय आता दमत नाही. दरवर्षी यायचं, जन्मभर यायचं. पुढं कधीतरी पुन्हा काही करावं लागेलही. दुधाचे जड कॅन उचलायचे नाहीत. छातीत दुखलं किंवा अंधारी आली तर तिथंच थांबायचं. "बाकी पळू दे तिला," मॅडम म्हणाल्या. "म्हशीपुढंसुद्धा." आईनं मान डोलावली.

पाडव्याच्या दुपारी मी ओढणी कमरेला बांधली. चप्पल काढली. आईनं माझ्या कानामागं काजळाचं बोट टेकवलं आणि आत निघून गेली. बघायला थांबली नाही. दादा म्हणाला, "मी बाजूनं पळू का? म्हंजे आपलं, कायतरी लागलं तर." मी म्हणाले, "पळ की. ड्रेस देऊ का?" त्यानं माझ्या पाठीत धपाटा घातला, अगदी हलका, काचेच्या भांड्याला घालावा तसा.

मी हाक दिली आणि सुटले. मागं चाळ वाजायला लागले, छुम छुम छुम, मग वेगानं, मग एकसारखे. हलगीवाले बाजूला झाले. शिंप्याचं दुकान गेलं. इथवर आलं की दरवर्षी छातीवर पाटा यायचा. मी त्याची वाट बघत पळत होते. पिठाची गिरणी गेली. देऊळ गेलं. पाटा आला नाही. वारा तोंडात शिरत होता आणि सरळ आत, खोलवर, पोटापर्यंत जात होता, आणि मला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं म्हणून मी ओरडले. गल्ली संपली तेव्हा माझ्या अंगात अजून एक गल्ली शिल्लक होती.

मागं वळून पाहिलं. दादा गिरणीपाशीच गुडघ्यांवर हात टेकून उभा होता. म्हैस देवळापाशी पाय ओढत चालत होती, तोंडाला फेस, तुरा कानावर आलेला. आणि म्हशीच्या मागून, गर्दीतून, साडी खोचून, अनवाणी, आई येत होती. ती घरात थांबलीच नव्हती. गल्लीभर ती आमच्यामागं पळत आली होती. माझ्यापाशी पोचली, एक हात माझ्या छातीवर ठेवला, दुसरा स्वतःच्या. तिला काहीतरी बोलायचं होतं, पण धाप इतकी लागली होती की शब्द फुटेना. तिच्या हाताखाली माझं हृदय शांतपणे, जोरात चाललं होतं, आणि ते तिला लागत होतं हे मला तिच्या डोळ्यांत दिसलं.

मी तिला जवळच्या पायरीवर बसवलं. म्हैस येऊन तिच्या शेजारी उभी राहिली, तीही धापत होती. "आई, बस हितं. पाणी आणतो," असं म्हणत दादाही कसाबसा येऊन पोचला, पण त्याच्यानं आता चालवत नव्हतं.

"तू बस," मी म्हणाले. आमचं घर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला. मी पळतच गेले.